सगळ्यांना दहाची वेळ

"एकतीस वर्षं लोकांच्या तोंडात हात घालून सुखरूप बाहेर काढलाय मी," डॉक्टर फोनवर मुलीला म्हणाले. "तुझ्या त्या सॉफ्टवेअरला काय दात आहेत? चावणार आहे का ते मला?"

"चावणार नाही बाबा, पण रोज उघडावं लागेल."

"रोज चाळीस तोंडं उघडायला लावतो मी. एक कॉम्प्युटर उघडता येणार नाही?"

यातलं चाळीस खोटं होतं. गेल्या सात महिन्यांत डॉक्टरांनी सगळी मिळून चाळीस तोंडं पाहिली असतील की नाही, शंकाच आहे!

डॉक्टर दातांचे. क्लिनिकच्या खोल्या दोन. आतल्या खोलीत दातांची खुर्ची, दिवा, आरसे, चिमटे आणि डॉक्टर. बाहेरच्या खोलीत आठ खुर्च्या, काउंटर, फोन आणि डॉक्टरांची बायको. आतलं खातं त्यांचं, बाहेरचं तिचं. कोणी कधी यायचं, कोणाला थांबवायचं, कोणाला कोणाशेजारी बसवायचं नाही, हे सगळं ती बघायची. डॉक्टरांना फक्त घंटी ऐकू यायची आणि मग तिचा आवाज, "पुढचे आत या!" की पुढचे आत यायचे. सात महिन्यांपूर्वी ती गेली. दुखणं सगळं अकरा दिवसांचं. तेव्हापासून डॉक्टर दहाला दार उघडत, आतल्या खोलीत बसत, एकला दार बंद करत. पुढचे आत येत नव्हते. बाहेरून कोणी बोलावतच नव्हतं ना!

मुलगी दुसऱ्या गावी. तिने स्पष्ट सांगितलं, "बाबा, एका नव्या डॉक्टरला ती जागा हवी आहे. पंधरा दिवस थांबायला तो तयार आहे. मी तुमच्यासाठी सॉफ्टवेअर घेतलंय. पेशंटची यादी, वेळा, आठवणीचे मेसेज, सगळं त्यात होतं. इथे बसून मलाही दिसेल. त्या यादीत माणसं आलेली दिसली, तर क्लिनिक चालू. नाही दिसली, तर कुलूप लावायचं आणि माझ्याकडे राहायला यायचं."

मुलीचं घर चांगलं. मागची खोली स्वतंत्र, उन्हाची. घरातली सगळी माणसं सकाळी नऊला बाहेर पडत ती सहाला परत येत. तिथे डॉक्टरांना कशाचीच कमी पडली नसती. डॉक्टरांना भीती वाटत होती ती नेमकी हीच.

"पंधरा दिवस कशाला? आठ दिवसांत क्लिनिक भरून दाखवतो!" डॉक्टर म्हणाले आणि फोन ठेवून कॉम्प्युटरचं चालू करायचं बटण शोधू लागले. ते मागच्या बाजूला होतं. दुपार त्यातच गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोचं रजिस्टर काढलं. जाड, निळ्या पुठ्ठ्याचं. पानावर तीन रकाने. डावीकडे माणूस, मध्ये फोन नंबर, उजवीकडे दात. सॉफ्टवेअरमध्येही तीनच रकाने होते. पेशंट, फोन, तक्रार. डॉक्टरांना वाटलं, हे तर हिच्या रजिस्टरवरूनच काढलेलं दिसतंय!

आता खरी गोम सांगतो. रजिस्टरमध्ये डावीकडे माणूस होता, पण त्याचं नाव नव्हतं. तिने आपल्या सोयीच्या खुणा लिहिल्या होत्या. एके ठिकाणी 'रडका हेडमास्तर'. त्याखाली 'बँकेतला, चावरा'. मग 'थोरली, धाकटीच्या वेळी नको'. लगेच खाली 'धाकटी, थोरलीच्या वेळी नको'. रजिस्टर तिच्याशिवाय कोणी वाचत नव्हतं, त्यामुळे तिचं काही अडलं नव्हतं.

दुसऱ्या कोणाला इथेच शंका आली असती. पण डॉक्टरांना पेशंटची नावं कधी माहीतच नव्हती. रस्त्यात कोणी नमस्कार केला की ते गोंधळून बघत राहत. तो माणूस हसला आणि दात दिसले, की मग ओळख पटायची! म्हणून रजिस्टरमध्ये जे होतं ते त्यांनी एका बोटाने जसंच्या तसं टाइप करायला घेतलं. एकतीस वर्षांत त्या रजिस्टरमध्ये खाडाखोड करायची त्यांची छाती झाली नव्हती, ती आता कुठून होणार?

अडलं की कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन करायचा, असं मुलीने सांगितलं होतं. तिकडून एक बाई बोलायची.

"नमस्कार सर, मी आपली काय मदत करू?"

"हे पुढे जात नाहीये. काउंटरवर कोण बसतं, त्याचं नाव विचारतंय."

"मग टाका ना सर."

"कोणी बसत नाही."

"सर, तो रकाना रिकामा ठेवता येत नाही."

"अहो, पण रिकामाच आहे!"

"काहीतरी टाकावंच लागेल सर. त्याशिवाय पुढचं पान उघडणार नाही."

डॉक्टरांनी मान वर करून काउंटरकडे पाहिलं. तिथे जे होतं ते प्रामाणिकपणे टाइप केलं. 'खुर्ची'. पुढचं पान उघडलं!

सहा दिवसांत डॉक्टरांनी त्या नंबरवर चौदा फोन केले. पहिले पाच खरोखर अडलं म्हणून. पुढचे नऊ कशासाठी, ते विचारू नका. "एंटर म्हणजे ते मोठं बटणच ना?" असं त्यांनी तीन वेगवेगळ्या दिवशी विचारलं. बाईला सर्दी झाली होती. डॉक्टरांनी गरम पाण्याची वाफ घ्यायला सांगितलं. बाई म्हणाली, "सर, हा कॉल रेकॉर्ड होतोय." डॉक्टर म्हणाले, "मग चांगलंच आहे, विसरलात तर परत ऐकता येईल."

सहाव्या दिवशी एकोणचाळीस ओळी भरून झाल्या. बोट सुजलं होतं. कॉम्प्युटरने विचारलं, 'वेळ?' डॉक्टरांना वाटलं, क्लिनिक किती वाजता उघडतं ते विचारतोय. त्यांनी दहा लिहिलं. मग कॉम्प्युटरने एक तयार मजकूर दाखवला. तो कंपनीनेच लिहिलेला होता. 'नमस्कार अमुक, बऱ्याच दिवसांत आपली भेट नाही. आपल्या दातांची आठवण येते. उद्याची वेळ आपल्यासाठी राखून ठेवली आहे. अवश्य यावे.' खाली एक प्रश्न होता, 'सर्वांना पाठवायचे?'

कोणाला बोलवायचं आणि कोणाला नाही, हे आजवर तिने ठरवलं होतं. आपण कोण कोणाला वगळणारे! डॉक्टरांनी 'हो' दाबलं.

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला ते क्लिनिकच्या जिन्याशी आले आणि थबकले. जिना माणसांनी भरला होता. एवढी माणसं आपल्यासाठी एकदम जमलेली त्यांनी शेवटची पाहिली ती सात महिन्यांपूर्वी, घराच्या दारात. तेव्हा सगळे हळू बोलत होते. आज कोणीच हळू बोलत नव्हतं!

"डॉक्टर! हे काय आहे?" एक उंच गृहस्थ मोबाइल नाचवत पुढे आले.

डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले. ओळख पटेना.

"मी पस्तीस वर्षं शाळा चालवली! माझ्या समोर पोरं चळचळा कापायची! आणि तुम्ही मला..." गृहस्थांनी ओरडायला तोंड मोठं उघडलं.

"हां, हां! वरची डावी दाढ!" डॉक्टर आनंदाने म्हणाले. "या, या! कशी आहे ती?"

"दाढ राहू द्या! हे वाचा!"

डॉक्टरांनी वाचलं. 'नमस्कार रडका हेडमास्तर, बऱ्याच दिवसांत आपली भेट नाही. आपल्या दातांची आठवण येते. उद्या सकाळी दहा वाजताची वेळ आपल्यासाठी राखून ठेवली आहे. अवश्य यावे. आपली नम्र, खुर्ची.'

डॉक्टरांच्या पायाखालची पायरी सरकली. ही ओळ पेशंटला जाते, हे त्या सर्दीवाल्या बाईने सांगितलंच नव्हतं! बहुधा सांगितलंही असेल. त्या वेळी डॉक्टर वाफ कशी घ्यायची ते समजावत असतील.

"रडका!" मागून एक जाडा माणूस खदखदून हसला. "मास्तर, तुम्ही रडता?"

"इंजेक्शनच्या वेळी डोळ्यांतून पाणी येतं. सगळ्यांच्याच येतं. तुम्हाला काय आलंय ते दाखवा आधी!"

जाड्याचं हसू गेलं. त्याने मोबाइल खिशात सारला, पण शेजारच्याने तोवर वाचून टाकलं होतं. "बँकेतला, चावरा!"

"एकदाच चावलो! तेही चुकून!" जाडा म्हणाला.

"तीनदा," डॉक्टर पुटपुटले आणि त्यांनी उजव्या हाताची तर्जनी मागे लपवली.

तेवढ्यात वरच्या पायरीवरून एक बाई कडाडली. "डॉक्टर, मला आलंय 'थोरली, धाकटीच्या वेळी नको'. कोण धाकटी? मला बहीणच नाही!"

"ऐकलंत? बहीण नाही म्हणे!" दोन पायऱ्या खालून आवाज आला. "मग मी कोण, शेजारीण?"

या दोघी अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, हे गावाला माहीत होतं. डॉक्टरांच्या बायकोने अकरा वर्षं त्यांना कधी समोरासमोर येऊ दिलं नव्हतं. डॉक्टरांच्या एका बोटाने एका रात्रीत दोघींना एकाच जिन्यावर आणून उभं केलं!

"आत चला, आत चला. सांगतो," म्हणत डॉक्टरांनी कुलूप काढलं. मनात मुलीच्या घरातली मागची खोली उभी राहिली. तिथली खिडकी कोणत्या बाजूला होती, तेही ते आठवू लागले. आता या एकोणचाळीस जणांपैकी एक जण पुन्हा इकडे फिरकायचा नाही!

आत आल्यावर त्यांनी काउंटरवरचं रजिस्टर उघडून सगळ्यांसमोर धरलं. "हे तिचं आहे. मी फक्त उतरवून काढलं. तुम्हाला जाणार आहे हे मला ठाऊक नव्हतं. चूक माझी. तिला काही म्हणू नका."

हेडमास्तरांनी चष्मा लावला. पान बघितलं.

"अक्षर वहिनींचंच," ते म्हणाले. मग त्यांनी पुढची ओळ मोठ्याने वाचली. "'विमावाली, अर्धा तास जास्त धरणे.'"

"अर्धाच?" जाडा म्हणाला आणि सगळी खोली हसली. विमावाली स्वतः सगळ्यांत मोठ्याने हसली आणि आपण अर्धा तास का बोलतो, ते सांगू लागली. ते सांगणं वीस मिनिटं चाललं!

रजिस्टर हातोहात फिरलं. जो तो आपली ओळ शोधू लागला. "ह्यांना वाटतं कवळी कोणाला कळत नाही", "उद्या येतो म्हणतो, परवा धरणे", "दुखत नाही म्हणतो, खुर्ची घट्ट पकडतो". मूळच्या आठ खुर्च्या केव्हाच भरल्या. बाकीचे भिंतीला टेकले. काउंटरमागच्या खुर्चीवर मात्र कोणी बसलं नाही. हेडमास्तरांनी आपणहून नंबर लावायचं काम अंगावर घेतलं, तेही त्या खुर्चीशेजारी उभं राहून. "पुढचे आत जा!" ते शाळेच्या आवाजात ओरडत, आणि कॉम्प्युटरवर त्या माणसापुढे 'आले' अशी खूण करत.

डॉक्टर आत जाड्याचे दात बघत होते. बाहेर पुन्हा हशा उठला. त्या खोलीत हसणं ऐकून सात महिने झाले होते. डॉक्टरांचा हात जाड्याच्या तोंडात तसाच थांबला. काय वाचलं असेल, कोणाबद्दल असेल, ती कशी तोंडाला पदर लावून लिहीत बसली असेल...

जाडा चावला.

"चौथ्यांदा!" डॉक्टर कळवळले.

"मग हात काढायचा ना डॉक्टर! किती वेळ उघडं ठेवू?"

बाहेर मात्र एक भांडण पेटलं होतं. कोपऱ्यावरचा औषधवाला लालबुंद होऊन उभा होता. "मला काय आलंय बघा! माझं नाव! वडिलांचं नाव! आडनाव! पुढे श्रीसुद्धा! वीस वर्षं मी दर आठवड्याला इथे येत होतो, आणि वहिनींना मला ठेवायला एक नाव सुचलं नाही? मी काय परका?"

डॉक्टर बोटाला कापूस गुंडाळत बाहेर आले. त्यांनी समजूत घातली. "अहो, तुमच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नसेल."

औषधवाला आणखी लाल झाला! जायला म्हणून तो दाराकडे वळला, तेव्हा हेडमास्तरांनी त्याच्या ओळीवर बोट ठेवलं आणि उजवीकडे सरकवलं. दातांच्या रकान्यात बारीक अक्षरांत काही होतं.

"'याच्या दातांना काही झालेलं नाही,'" हेडमास्तरांनी वाचलं. "'बोलायला येतो. घरी कोणी नाही. येऊ द्यावा.'"

कोणी हसलं नाही. औषधवाला मोबाइल खिशात ठेवून परत आला. मग भिंतीला टेकून उभा राहिला. म्हणाला, "डॉक्टर, खरं सांगू? सात महिने तुमच्याकडे यायचं धाडस झालं नाही. वहिनी नाहीत, काय बोलायचं? दाढ दुखतेय म्हणावं, तर दुखतही नव्हती."

"माझी दुखत होती," थोरली म्हणाली. "पण दुःखाच्या घरी दात घेऊन कसं जायचं?"

"सगळं हिच्या मनात असतं. विचारायचं नाही कोणाला," धाकटी भिंतीकडे बघत म्हणाली.

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. अकरा वर्षांनंतरचा पहिला शब्द आता येणार म्हणून सगळ्यांनी कान टवकारले.

"सरक," थोरली म्हणाली.

"सरकतेच आहे," धाकटी म्हणाली. आणि एका खुर्चीवर दोघी बसल्या. समेट म्हणायचा तर तो एवढाच!

एक वाजेपर्यंत डॉक्टरांनी बघता येतील तेवढी तोंडं बघितली, बाकीच्यांना पुढच्या वेळा दिल्या. सगळे जिना उतरून गेले. त्यांचं बोलणं खालच्या वळणापर्यंत ऐकू आलं, मग रस्त्याच्या आवाजात मिसळलं. खोलीत खुर्च्या वेड्यावाकड्या पडल्या होत्या. डॉक्टरांनी त्या सरळ केल्या. एक जरा तिरकीच राहू दिली.

आतल्या खोलीत मोबाइल वाजला. मुलगी होती.

"बाबा! हे काय केलंत? दहा वाजता एकोणचाळीस माणसं? आणि ही नावं काय आहेत? मला वाटलं कोणी तरी आपलं सॉफ्टवेअर पळवलं!"

"आली की नाही यादीत?"

"अडतीस आली!" ती हसत होती. "त्या नव्या डॉक्टरला मी नाही म्हणून कळवते. चालवा क्लिनिक. ते चालेल हो, पण तुमचं काय? तुम्ही कसे आहात?"

"मला काय धाड भरलीय! ठणठणीत आहे."

"बाबा."

"अगं, ठणठणीत आहे म्हणतोय ना! ठेव आता. एक पेशंट यायचा राहिलाय."

मोबाइल ट्रेमध्ये चिमट्यांशेजारी ठेवून डॉक्टर बाहेर काउंटरवर आले. खरंच, पडद्यावर अडतीस ओळींपुढे 'आले' होतं आणि एकाच ओळीपुढे 'आले नाहीत'. डॉक्टरांना राग आला. सगळं गाव येतं आणि हा एक शहाणा येत नाही! कोण आहे हा? त्यांनी ओळ वाचली. 'दुखतं, पण सांगत नाही'.

असला पेशंट त्यांना मुळीच आवडत नसे. ही माणसं दाढ पार पोखरून जाईपर्यंत गप्प बसतात आणि मग डॉक्टरच्या नावाने खडे फोडतात. ओळ त्यांनी स्वतःच उतरवली होती, पण एकोणचाळिसातली कोणती काय, हे कोणाच्या लक्षात राहतं? त्यांनी काउंटरवरचा फोन उचलला आणि एकेक आकडा बघत नंबर फिरवला.

घंटी वाजू लागली. तेवढ्यात आत त्यांचा मोबाइलही वाजू लागला.

"आता ही काय विसरली?" म्हणत डॉक्टरांनी रिसीव्हर काउंटरवर आडवा ठेवला आणि लगबगीने आत गेले. ट्रेमधला मोबाइल उचलला. त्याच्यावर मुलीचं नाव नव्हतं.

'अगं' असं होतं.

बाहेरच्या फोनचा नंबर त्यांनी फार वर्षांपूर्वी त्याच नावाने ठेवला होता. बायकोला त्यांनी कधी नावाने हाक मारलीच नव्हती, मग दुसरं काय ठेवणार! आत ते कामात असले आणि हाक ऐकू गेली नाही, की ती बाहेरून फोन करायची. चहा गार होतोय. पेशंट ताटकळलाय. आज लवकर आटपा.

"आलो, आलो!" डॉक्टर ओरडले आणि मोबाइल हातात तसाच वाजता ठेवून बाहेर धावले.

काउंटरमागे कोणी नव्हतं. रिसीव्हर आडवा पडला होता.

मग त्यांनी पडद्यावरचा नंबर एकदा वाचला, आणखी एकदा वाचला. स्वतःचा नंबर माणूस स्वतःला कधी लावतो की तो पाठ असेल? रजिस्टरचं पान काढलं. नंबर तोच. उजवीकडच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'खालची डावी, शेवटची. दोन वर्षं उजवीकडून जेवतात. मला कळत नाही असं वाटतं.'

त्यांनी जिभेने दाढ चाचपली. जोरात कळ आली.

मग त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. मोबाइल गप्प झाला. डॉक्टर काउंटरमागच्या खुर्चीत पहिल्यांदाच बसले. ती त्यांना बरीच बुटकी होती, गुडघे काउंटरला लागले. पडद्यावर ती एक ओळ अजून तशीच होती. पेशंट क्लिनिकमध्ये हजर होता, हे तर खरंच. त्यांनी त्याच्यापुढे 'आले' दाबलं.

मिनिटाभरात मोबाइल 'टिंग' वाजला. सात महिने डॉक्टरांनी एकही मेसेज उघडला नव्हता. हा उघडला.

'नमस्कार दुखतं, पण सांगत नाही. आज आमच्याकडे आल्याबद्दल आभार. डॉक्टरांनी आपल्याकडे नीट लक्ष दिले का? एक ते पाच तारे द्यावेत.'

डॉक्टरांनी बराच विचार केला. माणूस तसा वाईट नव्हता. मेहनती होता. आज तर बघता येतील तेवढी तोंडं बघितली होती त्याने.

शेवटी त्यांनी एक तारा दिला. दाढ अजून दुखतच होती.